गाडी कधी येईल, मला माहीत नाही

सरांना 'आलोच' हा शब्द खपत नसे. फोनवर कुणी "आलोच सर, पाच मिनिटांत" म्हणालं की ते शांतपणे विचारायचे, "आत्ता कुठं आहेस?"

"हे काय, दिल्ली दरवाजा ओलांडला."

"तुझ्या मागं कुकरची शिट्टी झाली. दिल्ली दरवाजात कुकर कुणी लावलाय?"

सर फोन ठेवायचे. रागावलेले नसायचे. त्यांना फक्त माणूस नक्की कुठं आहे ते हवं असायचं. स्वतःला फोन आला की तेही तसंच सांगायचे, "अजून घरात आहे. एक मोजा सापडलाय. दुसरा सापडला की निघेन."

सर गेले त्याला आता वर्ष होत आलं. अजूनही कुणी मला फोनवर "पोचतोच आहे मॅडम" म्हणालं की माझा कान आपोआप मागचे आवाज धुंडाळतो. ही सवय मला त्यांनी लावली, आणि ती मोडावी असं मला वाटत नाही.

नगरच्या शहर बसच्या स्टॉपांवर गाडी किती मिनिटांत येणार ते दाखवणारे बोर्ड होते. लाल अक्षरांचे, पत्र्याच्या पेटीतले. पुण्याच्या एका कंपनीकडं त्यांचा ठेका होता आणि इथलं सगळं काम सरांकडं होतं. सर त्याआधी पॉलिटेक्निकला शिकवायचे. त्यांचे वडील मास्तर, आजोबा मास्तर. रिटायर झाल्यावर घरी बसवेना म्हणून हे काम धरलं, असं ते सांगायचे. मी पारनेर तालुक्यातली. आमची जमीन पावसावरची, बाजरी आणि मटकीची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बी.एस्सी. झाले. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. लाज कशाला?

मुलाखतीला गेले तर सावेडीतल्या त्या गाळ्याला कुलूप. शेजारचा झेरॉक्सवाला म्हणाला, "सर स्टॉपवर असतील. काळी छत्री दिसली की थांबा."

मे महिन्याची भर दुपार. स्टॉपवर एक टक्कल पडलेला, उंच, बारीक माणूस हात वर करून उभा होता. हातात छत्री, पण ती त्याच्या डोक्यावर नव्हती. बोर्डावर धरली होती. स्वतःचं डोकं उन्हात तापून लाल झालेलं. बोर्ड जुने झाले होते, त्यांचे दिवे विझत चाललेले, आणि दुपारच्या उन्हात अक्षरं जेमतेम दिसायची. म्हणून सर सावली धरायचे आणि लोक डोळे बारीक करून वाचायचे.

"सर, मी मुलाखतीला आले."

"वाच."

"काय?"

"समोर बोर्ड आहे ना? वाच."

"केडगाव. सात मिनिटं."

"कशावरून?"

मी म्हटलं, "बोर्डावर लिहिलंय."

"बोर्डाला कुणी सांगितलं?"

मग मी कॉलेजात शिकलेलं धडाधड बोलले. गाडीत यंत्र असतं, ते गाडी कुठं आहे ते कळवतं, ऑफिसातला कॉम्प्युटर हिशोब करतो आणि बोर्डाला पाठवतो. सरांनी ऐकून घेतलं.

"आणि गाडीतलं यंत्र वाटेत बंद पडलं तर हा बोर्ड काय दाखवेल?"

मला ठाऊक नव्हतं. काहीतरी ठोकून द्यावं असं आलं होतं मनात. पण ऊन इतकं होतं की काही सुचेना. म्हटलं, "माहीत नाही सर."

सरांनी माझ्याकडं पहिल्यांदा नीट पाहिलं. मग छत्री माझ्या हातात दिली. "धर. हात भरून आलाय माझा." तीच माझी नेमणूक.

त्या प्रश्नाचं उत्तर मला आठवड्याभरात मिळालं. यंत्र बंद पडलं की बोर्ड शेवटचा आकडा धरून बसायचा. पाच मिनिटं तर पाच मिनिटं. अर्धा तास गेला तरी पाचच. लोक बोर्डाकडं बघायचे, रस्त्याकडं बघायचे, पुन्हा बोर्डाकडं. सरांना हे सहन होत नसे. अशा वेळी ते स्कूटर काढायचे, मागं मला बसवायचे, स्टॉपवर जाऊन बोर्डाचा खटका बंद करायचे आणि डिकीतून एक पाटी काढून बोर्डाला टांगायचे. पत्र्याची काळी पाटी, त्यावर पांढऱ्या रंगानं, मास्तरांच्या वळणदार अक्षरात: 'गाडी कधी येईल, मला माहीत नाही.'

आमच्याकडं शिडी धरायला एक जण होते. भलीमोठी शिडी एकटे खांद्यावर टाकायचे म्हणून सगळे त्यांना पैलवान म्हणायचे. तालमीत ते जन्मात गेलेले नव्हते. ते म्हणायचे, "सर, नुसतं 'बंद हाय' लिवा की. लोकं हसत्यात वं. फोटू काढत्यात."

"बंद कुठं आहे? गाड्या चालू आहेत. रस्ता चालू आहे. फक्त मला माहीत नाहीये."

"पर 'मला' म्हंजे कुनाला? बोर्डाला का तुमाला?"

सरांनी यावर बराच विचार केला. मग म्हणाले, "दोघांनाही."

त्या पाटीचे फोटो खरोखरच गावभर फिरले. माझ्या भावाला ते कुठल्याशा ग्रुपवर आले आणि त्यानं मला पाठवले, 'ताई हे बघ नगरमधलं येडं,' असं लिहून. येड्याच्या हाताखालीच मी काम करते हे त्याला ठाऊक नव्हतं. मी त्याला तसं कळवलं. त्यानं पाठवलेलं लगेच पुसून टाकलं.

सरांचं म्हणणं असं की आपल्या भागातल्या माणसाच्या तोंडून 'माहीत नाही' निघतच नाही. कुणालाही रस्ता विचारा. ठाऊक असो नसो, तो हात वर करून सांगणारच, "असं सरळ जा, डावीकडं वळा, तिथं विचारा." गाडीचं विचारा, "येतीय की, आत्ता येईल." कामाचं विचारा, "झालंच समजा." यात वाईट हेतू नसतो. उलट, माणसाला नुसतं परत कसं पाठवायचं, हा भिडस्तपणा असतो. सर म्हणायचे, "रिकाम्या हातानं पाठवायला नको म्हणून आपण त्याच्या हातात धोंडा देतो."

मी एकदा विचारलं होतं, "सर, तुम्हाला याचं इतकं का लागतं? काही झालं होतं का?" मला वाटलं होतं, असेल काहीतरी. कुणाची तरी वाट बघण्यात आयुष्य गेलं असेल, कुणी फसवलं असेल. सरांनी चहाची बशी खाली ठेवली. "काहीतरी झाल्याशिवाय खरं बोलता येत नाही का?" एवढंच म्हणाले आणि पैलवानांच्या बशीतलं एक बिस्कीट उचललं. स्वतःची बिस्किटं ते कधी मागवत नसत. दुसऱ्याची मात्र न विचारता खायचे.

दुसरा एक हट्ट होता. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर सगळे बोर्ड दिसायचे, कुठला चालू, कुठला बंद. सर त्याकडं ढुंकून बघायचे नाहीत. बोर्ड दुरुस्त झाला की त्याखाली उभं राहायचं, लोकांबरोबर गाडीची वाट बघायची, गाडी आली की बसायचं, पुढच्या बोर्डाखाली उतरायचं. असं केल्याशिवाय बोर्ड पास नाही. स्टॉपवरच्या बाकावर मात्र बसायचं नाही, ते पॅसेंजरचं आहे. पहिल्या महिन्यात माझे पाय असे सुजले की आई म्हणाली, "आगं, शिकून सवरून तू हुबं ऱ्हायाची नोकरी धरली व्हय?"

खंडेनवमीची गोष्ट सांगितल्याशिवाय सर पुरे होणार नाहीत. सर देवभोळे नव्हते. घरचे देव त्यांची थोरली बहीण बघायची. पण खंडेनवमीला आपापल्या हत्याराची पूजा करायची, हे त्यांना मनापासून पटायचं. सुतार करवतीला हार घालतो, ड्रायव्हर गाडीला घालतो, मग आपण बोर्डाला का नाही? माझ्या पहिल्याच वर्षी त्यांनी माळीवाड्यातून पोतंभर झेंडू आणला. बहिणीनं आणि मी रात्री हार ओवले. सकाळपासून सर, पैलवान आणि मी गावभर फिरलो. पैलवान शिडीवर, सर खालून सांगणार, "हार भरघोस दिसू दे, कंजुषी नको." प्रत्येक बोर्डाच्या माथ्यावर जाडजूड झेंडूचा हार, हळदकुंकू, नारळ. फार देखणं दिसत होतं सगळं. लोक थांबून नमस्कार करत होते. एक आजी तर बोर्डापुढं सुटे पैसे ठेवून गेल्या.

दुपारपासून फोन सुरू झाले. बोर्ड बंद. सावेडीचा बंद, केडगावचा बंद, भिंगारचा बंद. पुण्याहून मॅनेजरचा फोन आला, तो घाबरलेला. सगळं शहर एकदम गेलं म्हणजे मोठाच बिघाड. दोन माणसं गाडी काढून निघालीसुद्धा.

सर बोर्डाखाली उभे राहून वर बघत होते. मीही बघत होते. मग माझ्या लक्षात आलं. बोर्डाच्या माथ्यावर उजेड ओळखणारा एक छोटासा डोळा असतो. रात्र झाली की तो दिवे मंद करतो, लोकांच्या डोळ्यांवर येऊ नयेत म्हणून. आम्ही नेमका त्या डोळ्यावर हार घातला होता. बोर्डांना वाटलं, रात्र झाली. आधीच म्हातारे दिवे, त्यात मंद केलेले. टळटळीत उन्हात काय दिसणार!

मी सरांना सांगितलं. सर आधी दोन्ही हात कमरेवर ठेवून बघत राहिले. मग असे हसायला लागले की पैलवानांना शिडी सोडून त्यांना धरावं लागलं. "झोपवलं गं आपण सगळ्यांना," ते म्हणत होते. "पूजा करून झोपवलं."

पुण्याच्या मॅनेजरला त्यांनी लगेच फोन लावला. "कारण सापडलं. हार घातला होता."

"काय घातलं होतं सर?"

"हार. झेंडूचा."

मग तो म्हणाला, "सर, आपण वर कळवताना 'तांत्रिक बिघाड' म्हणू."

"बिघाड कुठं झाला? डोळा झाकला, बोर्ड झोपला. याहून चोख काम काय करायचं त्यानं? झेंडू असंच लिहा."

मॅनेजरनं काय लिहिलं देव जाणे. पण पुढच्या वर्षीही सरांनी हार घातले. फक्त खालच्या कडेला.

भिंगारच्या एका स्टॉपवर एक मावशी रोज भेटायच्या. सावेडीतल्या एका मेसमध्ये पोळ्या लाटायला जायच्या. सकाळची पोरं डबे घेऊन कॉलेजला निघायच्या आत पोळ्या व्हायला लागायच्या. सरांची पाटी टांगलेली असली की मावशी खूश असायच्या. त्या एकदा म्हणाल्या, "सर, तुमची पाटी असली ना, की लई बरं वाटतं. मी आपली पदर खोचून चालाया लागते. आकडा असला की आशा लागती. मंग पाय उचलत न्हाई."

स्कूटरवरून येताना सर एकदम मागं वळून म्हणाले, "ऐकलंस? आकडा असला की आशा लागते." मी म्हटलं, "सर, पुढं बघा." समोरून टेम्पो येत होता.

मग बोर्ड बदलायचं ठरलं. नवे बोर्ड म्हणजे मोठे टीव्हीच. रंगीत, भर उन्हात लखलखीत, अर्ध्या भागात जाहिराती, वर शहराचं नवं नाव. सर लहान मुलासारखे खूश झाले. पहिला बोर्ड लागला तेव्हा त्यांनी छत्री उघडली, बोर्डावर धरली, मिटली, पुन्हा उघडली. काही फरक पडत नव्हता. "गेली हिची नोकरी," असं म्हणून त्यांनी छत्री पैलवानांना देऊन टाकली.

पण आठ दिवसांत त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. नव्या बोर्डाला गाडीचा पत्ता लागला नाही तर तो थांबत नव्हता. तो सरळ वेळापत्रकातली वेळ उचलायचा आणि खऱ्यासारखी दाखवायचा. चार मिनिटं, तीन, दोन, एक. मग गाडी गायब, आणि पुढच्या गाडीचा आकडा सुरू. खालच्या माणसाला कळायला मार्गच नाही की यातला खरा आकडा कुठला आणि मनचा कुठला. जुना बोर्ड निदान अडकून पडायचा, तेवढ्यावरून तरी लोकांना संशय यायचा.

मॅनेजर आला होता तेव्हा सर त्याला म्हणाले, "मला एक ओळ द्या फक्त. गाडीची माहिती नाही, एवढी."

"सर, आकडा दिसला नाही तर महापालिकेचे लोक बोर्ड बंद धरतात. दंड लागतो आपल्याला."

"आकडा खोटा असला तरी चालू धरतात?"

"पॅसेंजरला समाधान मिळतं ना सर. काहीतरी दिसलं पाहिजे."

"समाधानासाठी शेजारी देऊळ आहे," सर म्हणाले. "इथं लोक गाडीसाठी येतात."

मॅनेजर चांगला माणूस होता. हसला. पण ओळ काही दिली नाही.

आणि मग भिंगारच्या त्या स्टॉपवर जे व्हायचं ते झालं. एका सकाळी नवा बोर्ड चार मिनिटं, तीन, दोन असं सांगत राहिला. मावशी थांबल्या. गाडी आलीच नाही, बोर्डानं पुढची गाडी दाखवायला सुरुवात केली, मावशी पुन्हा थांबल्या. मेसमधली पोरं उपाशी कॉलेजला गेली. यापूर्वी एकदोनदा असंच झालं होतं. मेसवाल्यानं सकाळच्या पोळ्यांचं काम दुसरीकडं दिलं. मावशींनी सरांना हे सांगितलं तेव्हा त्या तक्रार करत नव्हत्या. "तुमी तरी काय करनार सर. मीच चालाया लागायला हवं हुतं. पर लिवलं हुतं ना वर."

हे 'लिहिलं होतं ना वर' सरांना फार लागलं.

बोर्ड नीट चालतात असा दाखला इथल्या माणसानं सही करून दिल्याशिवाय कंपनीचं बिल निघणार नव्हतं. ती सही सरांची होती. सरांनी सांगितलं, ओळ आल्याशिवाय सही नाही. मॅनेजर दोनदा येऊन गेला. शेवटी मोठ्या साहेबांचा फोन आला. सर उभ्याउभ्या ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मी पास करतो ते बोर्डाखाली उभं राहून. तुम्ही या, एक सकाळ भिंगारला उभे राहा. मग बोलू." ते काही आले नाहीत. महिनाअखेर सरांचा करार संपत होता, तो पुढं वाढवला नाही. सरांनी गाळ्याची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली, ड्रॉवरमधला स्वतःचा पंचा घेतला आणि स्कूटरला किक मारली. पैलवानांनी डोळे पुसले. सर त्यांना म्हणाले, "रडताय काय? मी मेलो नाहीये. नुसता रिकामा झालोय."

आता सही माझी आली. मॅनेजर मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला कळतं. सरांचं वय झालं होतं." घरी माझ्या पगारावर भावाचं शिक्षण चाललं होतं. मी संध्याकाळी सरांना फोन लावला. म्हटलं, "सर, मी काय करू?"

पलीकडं रेडिओवर भजन चालू होतं. मग सर म्हणाले, "मला माहीत नाही गं."

मला राग आला. इतका की मी फोन कट केला. इतकी वर्षं दुसऱ्याला शिकवलं, आणि मी अडले तर माहीत नाही? मग त्यांचाच पुन्हा फोन आला. "ऐक. सही कर म्हटलं तर ते माझ्या मनाविरुद्ध. करू नको म्हटलं तर तुझ्या घराचं मी काय करणार आहे? मला खरंच माहीत नाही. पण तू काहीही केलंस तरी चहाला ये."

त्या रविवारी मी गावी गेले. आई परसात मटकी पाखडत होती. तिला सगळं सांगितलं. बोर्डाचं तिला फारसं समजलं नसावं. तिनं सूप खाली ठेवलं. "सही म्हंजी तुजं नाव लिवायचं ना?"

"हो."

"आन् तुज्या बापाचं बी."

"मधे असतंच की ते."

"आमी दोगांनी जलमभर अंगठं उठवलं. काय लिवलं हाय, ते वाचता येत न्हवतं. म्हनून उठवलं. तुला तर वाचता येतं." आणि पुन्हा पाखडायला लागली.

मी सही केली नाही. यात माझी काही मोठी बहादुरी नव्हती. इथं दुसरा माणूस आणून त्याला सगळं शिकवण्यापेक्षा ओळ टाकणं कंपनीला सोपं होतं, एवढंच. दंडाचं काय ते त्यांनी वरच्या वर मिटवलं. पण त्यांनी वेळ फार लावला. आज करू, उद्या करू, झालंच समजा मॅडम. आणि त्या 'झालंच समजा'च्या मधेच एका पहाटे सर झोपेत गेले.

भेटायला गेले तेव्हा त्यांची बहीण ओट्याशी उभी होती. म्हणाली, "जेवायला कधी येशील विचारलं, की माहीत नाही म्हणायचा. चाळीस वर्षं मी भात तो दारात दिसल्यावर लावला. आज सवयीनं तांदूळ धुऊन ठेवलेत बघ." पातेल्यात खरोखरच धुतलेले तांदूळ होते. आम्ही दोघी ते निथळवत बसलो.

ओळ आली ती त्यानंतर. कंपनीनं कळवलं, बोर्ड आता पत्ता नसलेल्या गाडीपुढं आकडा दाखवणार नाही. मी कॉम्प्युटरवर बघून सही करू शकले असते. पण मी माळीवाड्याच्या अलीकडच्या एका स्टॉपवर जाऊन उभी राहिले. बाकावर बसले नाही. दुपारची वेळ. दोन कॉलेजच्या मुली होत्या आणि डोक्यावर कोथिंबिरीचं गाठोडं घेतलेली एक बाई. बोर्डावर आधी सहा मिनिटं होती. मग आकडा गेला आणि तिथं ओळ उमटली, पिवळ्या अक्षरात: 'या गाडीची माहिती नाही.'

मुलींनी वर बघितलं. "चल गं, चालत जाऊ," एक म्हणाली. बाईनं विचारलं, "काय लिवलंय वं?" मुलीनं वाचून दाखवलं. बाईनं गाठोडं सारखं केलं आणि तीही निघाली. कुणी थांबलं नाही, कुणी चिडलं नाही. मला वाटलं, धावत जाऊन कुणाला तरी सांगावं. फोन बाहेर काढला, नावही शोधलं, आणि मग तसाच हातात धरून राहिले.

तेवढ्यात वळणावरून गाडी आली.

तीच गाडी. रिकामी. कंडक्टर दारातून वाकून म्हणाला, "काय मॅडम, एकट्याच? पॅसेंजर कुठं गेले आज?" मी चढले. थोडं पुढं त्या तिघी उन्हातून चालताना दिसल्या. मी ड्रायव्हरला म्हटलं, "दादा, थांबवा जरा."

"हितं स्टॉप न्हाई मॅडम."

"माहितीय. थांबवा."

त्यानं कुरकुरत थांबवली. मुली हसत चढल्या. कोथिंबीरवाली धापा टाकत माझ्या शेजारी येऊन बसली. पदरानं कपाळ पुसलं. "बघा की ताई, बोर्ड म्हनतंय माहिती न्हाई, आन् गाडी तर मागंच हुती. कशाला मरायला लावत्यात असलं बोर्ड?"

माझ्याकडं उत्तर होतं. तिला सांगण्यासारखं पुष्कळ होतं, मावशींचं, आशेचं. पण तिच्या चेहऱ्यावरून घाम निथळत होता आणि तिचं म्हणणंही खोटं नव्हतं. सर असते तर ते दांड्याला धरून उभे राहिले असते आणि भर गाडीत तिच्याशी वाद घातला असता. तिनं ऐकलं नसतं. त्यांनी तिच्या गाठोड्यातली कोथिंबिरीची काडी न विचारता तोंडात टाकली असती. दोघं भांडत भांडतच उतरले असते. ते नेमकं काय म्हणाले असते, हे मी कितीदा जुळवून बघते, पण जुळत नाही. ते मी मनानं लिहिणारही नाही.

बाईनं गाठोडं मांडीवर घेतलं. सगळी गाडी कोथिंबिरीच्या वासानं भरली होती. पुढच्या बोर्डाखाली मला उतरायचं होतं. कंडक्टरनं त्या स्टॉपचं नाव पुकारलं, दोनदा पुकारलं. मी बसूनच राहिले.